हेडबाईची दुसरी खेप

धाकटी: ताई! टोपलीतली अंडी कुठं गेली?

थोरली: आलीस? पिशवी तरी ठेव खाली.

धाकटी: पिशवी मरू दे. मी विचारतेय काय? सकाळी खारूला शाळेच्या रिक्षात बसवायला गेले तेव्हा ही हेडबाई कोंबडी अंड्यांवर फुगून बसली होती. आता रिकाम्या गवतावर फुगून बसलीय. मांजर आलं होतं का?

थोरली: मांजर नाही. मी काढली.

धाकटी: तुम्ही काढली.

थोरली: हो.

धाकटी: काढून काय केलीत? उन्हात वाळत घातलीत?

थोरली: अगं, एक फुटलं होतं. मी इथे पायरीवर बसले होते. फट्ट आवाज आला आणि असा वास सुटला की काय सांगू. तिच्या पोटाला सगळं चिकटलं होतं. मग मी तिला उचललं, ओल्या फडक्याने पुसलं...

धाकटी: उचललं? हेडबाईला? आणि तिनं उचलू दिलं? मला तर चोच मारल्याशिवाय पाण्याची वाटीसुद्धा ठेवू देत नाही. खुडूक कोंबडी म्हणजे काय ते माहीत आहे का तुम्हाला?

थोरली: आता आहे. हे बघ मनगट.

धाकटी: अगं बाई. साबणानं धुतलंत ना? नाही, आधी सांगा, फुटलं ते एक. बाकीची कुठं आहेत?

थोरली: त्या बादलीत.

धाकटी: बादलीत... ताई, ही तर फोडलीत!

थोरली: हो.

धाकटी: सगळी? अहो, पोरीनं एकेकावर पेन्सिलीनं चित्र काढलं होतं! हे बघा, ही छत्री. हा मासा. ह्या टरफलावर त्या तिच्या वर्गातल्या दात पडलेल्या पोराचं तोंड. रोज शाळेतून आली की पायातले बूट काढायच्या आधी इथं येऊन अंड्याला कान लावते. आज आल्यावर काय सांगू तिला? तुझ्या आईनं बादलीत फोडली म्हणून सांगू?

थोरली: मी सांगेन.

धाकटी: तुम्ही सांगाल! ह्या आठवड्यात पिल्लं निघणार होती. तुमच्याच तोंडून ठरलं होतं ना, पिल्लं निघाली, खारूनं ती एकदा हातात घेतली, की तुम्ही तिला घेऊन जाणार? सात वर्षं ह्या जावेनं सांभाळली तुमची पोर, आणि तुम्हाला आणखी एवढे चार दिवस धीर धरवेना! घाई झाली होती तर सरळ म्हणायचं, उद्याच्या गाडीनं निघते. मी काय हात धरला असता? पण मुक्या जिवाच्या पोटाखालची अंडी ओढून काढायची, म्हणजे कमाल झाली. मला तर बाई...

थोरली: ओरडून झालं?

धाकटी: नाही झालं.

थोरली: मग ओरड. मी थांबते. मला दमाने बोलावं लागतं, तुझ्या मध्ये शिरता येत नाही.

धाकटी: ...झालं. बोला.

थोरली: आत काही नव्हतं.

धाकटी: काही नव्हतं म्हणजे?

थोरली: एक हातात घेऊन हलवलं, तर आत पाणी डुचमळलं. म्हणून फोडलं. नुसतं पिवळं पाणी. मग दुसरं फोडलं. मग सगळी. पिल्लू नाही, पिल्लाचं काहीच नाही. ह्या आठवड्यात निघणाऱ्या पिल्लाला निदान चोच तरी असेल ना?

धाकटी: होतं कधी कधी तसं. ऊन किती पडलंय बघा. नाहीतर हादरे बसले असतील. परवा तुम्ही इथंच सतरंजी आपटत होता.

थोरली: म्हणजे माझ्या सतरंजीने झालं.

धाकटी: तसं कुठं म्हटलं मी? कारणं सांगतेय.

थोरली: मागच्या खेपेलाही असंच झालं होतं.

धाकटी: मागच्या खेपेला ही बया मधूनच उठून गेली होती. गार पडली अंडी.

थोरली: असं तू सांगितलंस. मी आले त्या दिवशी ती पुरूनसुद्धा झाली होती. खारू रडत होती. तूच म्हणालीस, रडू नको, दुसरी बसवू, पिल्लं बघितल्याशिवाय तुला कोणी कुठे नेत नाही. मी बॅग हातात धरून दारात उभी. मग मी ह्यांना फोन केला. तिकीट बदललं. तिकडच्या शाळेला सांगितलं, बाई, जागा धरून ठेवा, आमच्याकडे कोंबडी बसलीय.

धाकटी: शाळेत कोंबडीचं सांगितलंत?

थोरली: दुसरं काय सांगणार? खरं तेच सांगितलं.

धाकटी: काय म्हणाल्या?

थोरली: त्यांना वाटलं मी औषधाच्या गुंगीत आहे.

धाकटी: हं.

थोरली: हसू नकोस. कोंबडा कुठे आहे?

धाकटी: कोण?

थोरली: कोंबडा. तुमच्याकडे एक होता. आपण फोनवर बोलायचो तेव्हा मागून बांग द्यायचा. तू म्हणायचीस, थांबा ताई, ह्याचं भाषण संपू दे. मला पहाटे झोप नसते, तुला माहीत आहे. दवाखान्याची सवय. महिना होत आला मला इथे येऊन. एकदाही ऐकला नाही.

धाकटी: असेल की इकडंतिकडं.

थोरली: कुठे?

धाकटी: ...गॅरेजवाल्याला दिला.

थोरली: कधी?

धाकटी: थंडीत. पलीकडच्या घरातला तो रात्रपाळीवाला रोज भांडायला यायचा. बिचारा सकाळी आडवा होणार आणि ह्याचं भाषण सुरू. दिला मग.

थोरली: थंडीत. म्हणजे मी येते म्हणून कळवायच्याही आधी.

धाकटी: हो.

थोरली: मग ह्या अंड्यांत पिल्लू येणार कुठून?

धाकटी: नव्हतंच येणार.

थोरली: दोन्ही खेपांना?

धाकटी: दोन्ही खेपांना. असल्या अंड्यांना लोक वांझ म्हणतात. मी म्हणत नाही. तो शब्द लोकांनी माझ्यासाठी इतका वापरलाय की अंड्यांसाठी काढायला जीव होत नाही. मी साधी म्हणते. दुकानात मिळतात ना, तसली, साधी.

थोरली: आणि खारू?

धाकटी: तिला काय कळतं? तिला वाटतं, ऊब दिली की पिल्लू होतं. लग्न होऊन मी ह्या घरात आले तेव्हा मलाही तसंच वाटायचं.

थोरली: तू हे ठरवून केलंस?

धाकटी: ठरवून म्हणजे... तुमचा फोन आला. दादा म्हणाले, सगळे रिपोर्ट चांगले आले, घर घेतलंय, शाळा जवळ आहे, आता तिला घेऊन जातो. मी म्हटलं, अहो, किती छान झालं. तोंड गोड केलं, फोन ठेवला आणि मागं येऊन बसले. हेडबाई त्याच दिवशी खुडूक झाली होती. पिसं फुलवून गुरगुरत होती. खारू म्हणाली, काकू, हिच्याखाली अंडी ठेवू या का? पिल्लं झाली की मग मी जाते आईकडं. तिनं म्हटलं हो ते. मी नाही. मी फक्त टोपलीत अंडी ठेवली. ठेवताना हाताला कळत होतं काय ठेवतेय ते. ठेवली.

थोरली: आणि दर तीन आठवड्यांनी नवीन ठेवत राहिली असतीस.

धाकटी: तेवढं पुढचं कोण बघतंय? एकेक दिवस मिळत होता. तुम्ही हसाल, पण मी देवाला... जाऊ दे.

थोरली: मी हसत नाही.

धाकटी: मग रागवा तरी. अशा टक लावून काय बघताय? फसवलं मी तुम्हाला. तुम्ही त्या पलंगावर महिनाभर पाय आखडून झोपलात, आणि मी रोज सकाळी तुम्हाला चहा देऊन खोटं बोलले.

थोरली: मला वाटलं होतं, मला राग येईल. बादलीशी बसले होते ना, तेव्हा वाट बघत होते रागाची. पण मला भलतंच आठवत राहिलं. परवा खारू मला म्हणाली, अहो आई, तुम्ही पण कान लावा ना. आतून टक टक येतं. मी लावला कान. काही ऐकू येईना. मला वाटलं माझंच काहीतरी कमी आहे. आईला ऐकू यायला हवं होतं. मी म्हटलं, हो गं, येतंय.

धाकटी: तुम्ही पण?

थोरली: मी पण.

धाकटी: ताई, ती तुम्हाला अहो का म्हणते माहीत आहे का? मी नाही शिकवलं. तुमच्या गळ्याची शपथ. मी तिला बोलायला लागल्यापासून फोटो दाखवायचे, ही आई, मी काकू. एकदा, दीड वर्षाची असेल, मला आई म्हणाली. मी म्हटलं, नाही राजा, काकू. परत आई म्हणाली. मी परत काकू. खोलीचं दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडून काकू घोटून घेतलं. हे म्हणाले, कशाला छळतेस लेकराला? मी म्हटलं, दुसऱ्याची वस्तू आहे, नीट ठेवली पाहिजे. तेवढं एक मी चोख केलं. आणि शेवटाला येऊन कोंबडीच्या आडून चोरी केली.

थोरली: वस्तू नको म्हणूस.

धाकटी: बरं, नाही म्हणत.

थोरली: हिला बघितलंस का तू नीट? हेडबाईला?

धाकटी: बघते की रोज.

थोरली: नाही, हातात घेऊन. मी उचललं तर नुसती पिसं. आत छातीचं हाड लागलं हाताला. तुरा बघ, पांढरा पडलाय. दोन खेपा बसलीय ती. खायला उठतसुद्धा नाही.

धाकटी: माहीत आहे.

थोरली: मरेल ती अशाने.

धाकटी: माहीत आहे हो! अंधारात जाऊन तिच्या चोचीपुढं कणी धरते मी. खा बाई म्हणते. ती माझ्याकडं असं बघते जसं काही मीच तिचं काम अडवतेय. अंडी काढून घेतली तरी उठणार नाही आता. बघा ना, गवत उबवतेय मुकाट्यानं. हिची खुडूक मोडायला हवी.

थोरली: मोडायची म्हणजे?

धाकटी: तो जाळीचा पिंजरा दिसतो का भिंतीला लावलेला? तो विटांवर ठेवायचा. खाली गवत नाही, पोतं नाही, काही नाही, नुसती जाळी. हिला त्यात सोडायची. पोटाला खालून वारा लागला पाहिजे. पोट गरम आहे तोवर तिला वाटतं आपल्याखाली काहीतरी आहे. गार पडलं की उतरतं डोक्यातलं.

थोरली: आणि ती?

धाकटी: ती ओरडते. येरझाऱ्या घालते. जाळीतून डोकं घालून टोपलीकडं बघत राहते. पहिला दिवस ऐकवत नाही. मग कधीतरी दाणा टिपते. मग बाहेर सोडली की बाकीच्यांत जाऊन माती उकरायला लागते.

थोरली: विसरते?

धाकटी: कोंबडीला कुठं विचारता येतं? माती उकरते एवढं दिसतं. चला, विटा द्या त्या इकडं. दोन दोन नका उचलू, एकेक. दम लागेल.

थोरली: मला येतं उचलता.

धाकटी: आले मोठे पैलवान. एकेक म्हटलं ना?

थोरली: घे. अशी ठेवू का?

धाकटी: आडवी. हां. आता दार धरा पिंजऱ्याचं. मी तिला आणते. ये गं हेडबाई. ये माझी बाय. चावू नको, चावून काय मिळणार? खाली काही नाही तुझ्या. अगं नाही काही. काकूनं खोटं ठेवलं होतं. ये. ...केवढीशी झालीस गं. धरा ताई, दार धरा. लावा कडी!

थोरली: लावली. अगं बाई, कशी ओरडते.

धाकटी: सांगितलं होतं.

थोरली: थोडं गवत टाकू का आत? अगदी थोडं?

धाकटी: टाकलंत तर परत बसेल. मग सगळं पहिल्यापासून. दया करायची नाही, हीच दया.

थोरली: ...ऐक ना.

धाकटी: ऐकतेय.

थोरली: खारूला राहू दे इथे.

धाकटी: काय म्हणालात?

थोरली: राहू दे. मी एकटीच जाते. ह्यांना मी समजावीन. शाळा इथली चांगली आहे. मैत्रिणी आहेत. तू आहेस. माझा काय भरवसा? सुट्टीत येत जाईल ती. मी येत जाईन.

धाकटी: तुम्ही खरं बोलताय?

थोरली: खरं.

धाकटी: माझी शपथ घ्या.

थोरली: तुझी शपथ.

धाकटी: ...बसा जरा. नाही, मीच बसते. महिनाभर मी ह्याच वाक्याची वाट बघत होते, ताई. भांडी घासताना तुमच्या तोंडी घालून बघायचे. आमच्या ताई असं म्हणतील, मग मी नको नको म्हणेन, मग त्या आग्रह करतील.

थोरली: मग करते आग्रह.

धाकटी: थांबा. करू नका. मला एक बोलायचंय, आणि ते आत्ता बोलले नाही तर मी हो म्हणून बसेन. पावसाळ्यात तिला ताप आला होता, आठवतंय? मी पट्ट्या ठेवत होते. मला म्हणाली, काकू, मी लहान असताना खूप रडायचे का गं? मी म्हटलं, रडायचीस की, सगळी बाळं रडतात. तर म्हणाली, म्हणून आई मला ठेवून गेली का?

थोरली: असं म्हणाली?

धाकटी: त्यानंतरही विचारते अधूनमधून. वेगवेगळ्या तऱ्हेनं. माझं नाक असं आहे म्हणून का? मी मुलगी आहे म्हणून का? मी दर वेळी एकच सांगते, तुझी आई आजारी होती, तो आजार तुला लागेल म्हणून तिला तुझ्याजवळ यायची बंदी होती, बरी झाली की ती पळत येईल. तेवढ्या एका उत्तरावर ती पोर झोपते, ताई. आता तुम्ही आलात. पळत नाही, पण आलात. आणि तिला बघून, महिनाभर तिच्या शेजारी बसून, परत ठेवून गेलात, तर मी तिला काय सांगू? पहिल्यांदा आजार होता. दुसऱ्यांदा काय होतं? बोला ना. कारण द्या मला एखादं. मी पाठ करून ठेवते.

थोरली: नाही देता येत.

धाकटी: बघा. आणि मला सांगा, तुम्ही हे माझ्यासाठी म्हणालात का?

थोरली: म्हणजे?

धाकटी: माझ्याकडं बघून सांगा. मी ह्या कोंबड्यांत आयुष्य काढलंय, कोण भ्यालेलं आहे ते मला चालीवरून कळतं. तुम्ही हे माझ्यावर दया करून म्हणाला नाहीत. तुम्ही पळताय.

थोरली: हळू बोल.

धाकटी: कोण ऐकतंय? हेडबाई?

थोरली: रिपोर्ट आत्ता चांगले नाही आले. वर्ष झालं त्याला.

धाकटी: काय?

थोरली: वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, जा, मुलीला आणा, काही भीती नाही. मी ह्यांना म्हटलं, अजून एकदा तपासू. मग म्हटलं, घर मोठं हवं. मग म्हटलं, उन्हाळा जाऊ दे. हे बिचारे हो हो म्हणत राहिले. तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून. नर्सने असं उचलून धरलं होतं, आणि मी आतून हात हलवला. सात वर्षं मी हात हलवायलाच शिकले गं. फोनवर हलवायचे, फोटोला हलवायचे. ती माझ्या मांडीवर बसली तर हात कुठे ठेवायचे ते मला माहीत नाही. मी आले त्या दिवशी तू म्हणालीस, पिल्लं निघालीच नाहीत, आता दुसरी बसवू. मला वाईट वाटायला हवं होतं.

धाकटी: आणि?

थोरली: मला बरं वाटलं.

धाकटी: म्हणजे मी इथं अंडी ठेवतेय आणि तुम्ही तिकडं पलंगावर पडून म्हणताय, ठेव बाई, अजून ठेव.

थोरली: हो. तसंच.

धाकटी: काय बाया आहोत आपण!

थोरली: हसतेस की रडतेस?

धाकटी: मला कळत नाही आता. पदर द्या तुमचा, माझे हात घाणीचे आहेत. ...वर्ष. मला वर्षभर जास्तीची मिळाली आणि मला माहीतसुद्धा नव्हतं. माहीत असतं तर जरा कमी रागावले असते तिच्यावर. अभ्यासावरून किती बोलले मी तिला.

थोरली: उबवणी केंद्रातून पिल्लं आणू या का? मी ऐकलंय, खुडूक कोंबडीच्या पोटाखाली अंधारात सरकवली तर ती आपली मानते. खारूला कळणारही नाही. पिल्लं बघून खुशीत निघेल.

धाकटी: मानते. खरं आहे ते. दुसऱ्याचं पिल्लूसुद्धा मानते, आणि जीव लावते. पण हिच्या अंगात आता ऊब तरी उरलीय का? हीच गारठलीय. आणि अजून खोटं नको ताई. पोर विचार करणारी आहे. आज ना उद्या तिला कोंबड्याचं कळेल, मग ती मागचा एकेक दिवस मोजेल.

थोरली: मग काय सांगायचं?

धाकटी: मी सांगेन. काकूनं अंडी चुकीची ठेवली, त्यात पिल्लं नव्हतीच. रडेल. माझ्यावर रागवेल. रागवू दे, रागावलेली पोर जरा सोपी निघते घरातून.

थोरली: असं नको करूस. तिला तुझ्यावर रागावून नाही न्यायचं मला.

धाकटी: तुम्हाला नाही, मला सोपं जाईल म्हणतेय मी.

थोरली: तेही नको.

धाकटी: बरं. मग ऐका, आणि नीट ऐका, मी परत सांगणार नाही. केस धुताना कपाळावर हात आडवा धरायचा, डोळ्यांत फेस गेला तर घर डोक्यावर घेते. दुधावर साय दिसली की पीत नाही, गाळून द्यायचं. खिशात हात घालायचा रोज. खडे, बटणं, खडूचे तुकडे, काय वाटेल ते साठवते, उगाच नाही खारू नाव पडलं. पण टाकून द्यायचं नाही, तिच्यादेखत डब्यात ठेवायचं. झोपताना पाठीवर थोपटू नका, तिला ते आवडत नाही. पावलं दाबायची. डावं जरा जास्त.

थोरली: डावं जास्त.

धाकटी: का ते मलाही माहीत नाही. आणि खोटं बोलली की कानाची पाळी ओढते. रागावू नका, नुसतं कानाकडं बघा, आपोआप खरं सांगते.

थोरली: आणि मला जमलं नाही तर?

धाकटी: नाही जमणार सुरुवातीला. मला कुठं जमलं होतं? पहिल्या आंघोळीला माझ्या हातून निसटली होती, बादलीत. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

थोरली: नाही सांगितलंस.

धाकटी: कशाला सांगू? तुम्ही त्या काचेमागं पडून काय केलं असतं? मरून गेला असतात काळजीनं.

थोरली: तू येशील ना तिकडे?

धाकटी: लगेच नाही.

थोरली: मग कधी?

धाकटी: तिनं बोलावल्यावर नाही. ती पहिल्या दिवसापासून बोलावेल. तुम्ही बोलवा. तिनं तिकडं तुमच्यापाशी एकदा कडकडून भांडण केलं, पाय आपटले, म्हणाली तू वाईट आहेस, की मग मला फोन करा. तोवर मी फोनवरही येणार नाही. ह्यांना सांगेन, बाहेर गेलीय म्हणून सांगा.

थोरली: तुला जमेल?

धाकटी: नाही.

थोरली: मग?

धाकटी: मग काही नाही. नाही जमणार, तरी करेन. विटांवर ठेवलेल्या त्या बयेला काय जमतंय? बघा, अजून टोपलीकडंच तोंड. ती टोपली उचला ताई, तिच्या नजरेसमोरून न्या. गवत जाळून टाका. आणि ती टरफलं... नाही, टरफलं राहू द्या.

थोरली: मासा आणि छत्री धुऊन ठेवू?

धाकटी: ठेवा. तुम्हीच ठेवा.

(फाटकावर थापा.)

खारू: काकू! काकू, फाटक उघड ना! माझे हात भरलेत!

थोरली: आली. रिक्षावाल्याने आज लवकर सोडलं. जा, उघड.

धाकटी: तुम्ही जा.

थोरली: तुला हाक मारतेय ती.

धाकटी: ऐकू येतंय मला. तुम्ही जा.

खारू: काकूऽऽ!

थोरली: मी जाऊन काय म्हणू तिला?

धाकटी: काही म्हणू नका. आधी पाठीवरचं दप्तर उतरवून घ्या. जड असतं.